फुसीआत्यानं नेलेली लशीची पेटी

रात्रभर वारा नव्हता. पहाटे तरी पान हलेल म्हणावं, तर तेही नाही. खडकांच्या आतलं समुद्राचं पाणी शिळ्या पेजेवर साय धरावी तसं निपचित पडलेलं, आणि ढग इतके खाली उतरलेले की नारळाच्या शेंड्याला अडकतील. पाऊस मात्र पडत नव्हता. मार्चमध्ये दक्षिण समुद्रातल्या या हापाईच्या बेटांवर असे पाच-सहा दिवस येतातच. अंगावरचा घाम वाळत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि कुत्र्यांची खरूज भडकते.

म्हणून तोआकासे साडेपाचलाच घराबाहेर पडली होती. खरजेची इंजेक्शनं पहाटेच द्यायची, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, अकरा वर्षांत ती आपली आपण शिकली होती. दिवस वर आला की कुत्री पांगतात. कुणी किनाऱ्यावर खेकडे उकरतं, कुणी दुसऱ्याच्या बागेत डुकरांमागं लागतं, उरलेली घरांच्या जोत्याखाली शिरतात, आणि तिथं चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं गुडघे दुखत असताना शिरायचं म्हणजे जिवावरचं काम. पहाटे मात्र बाया नारळ खवायला बसतात. खवणीचा खर्रखर्र आवाज सुरू झाला की गावातलं प्रत्येक कुत्रं आपापल्या चुलीपाशी हजर. तेवढा पाऊण तास तोआकासेचा.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी डब्यातल्या बीफचा सुपारीएवढा गोळा, त्यात जंताची गोळी. कुत्रं चघळत असतानाच डाव्या हाताच्या तीन बोटांनी मानेमागची कातडी उचलायची, उजव्या हातानं सुई. गोळा गिळून कुत्रं मागं वळेस्तोवर सुई बाहेर आलेली असायची. मग पाठीवर हिरव्या रंगाचा एक फटकारा, म्हणजे त्याच कुत्र्याला पुन्हा टोचलं जात नाही. मांजरांना ही पद्धत चालत नाही. मांजर आधी गोळा सोडवून खातं आणि गोळी तुमच्या पायाशी थुंकतं. मांजराला टॉवेलात गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर, आणि मानेवर पिसवांचं औषध सोडायचं. धर्मगुरूंच्या बायकोच्या मांजरानं तिच्या मनगटावर ओढलेल्या रेघा अजून दिसत होत्या.

कागदावर ती शेतीखात्यातली जनावरांची मदतनीस. कागदावर डुकरं होती, गाई होत्या, घोडेसुद्धा होते. कुत्री-मांजरं कुणाच्याच कागदावर नव्हती, म्हणून ती तिच्या गळ्यात पडली होती. राजधानीहून डॉक्टर वर्षातून दोनदा बोटीनं यायचे, आठ दिवस कापाकापी करायचे, परत जायचे. ते गेल्यावर टाके कुणाचे उसवले, जखम कुणाची चिघळली, हे सगळं तोआकासेकडं. नवरा न्यूझीलंडमध्ये सफरचंदं तोडायला गेलेला. फोनवर तो म्हणायचा, सोड ती कुत्री. ती म्हणायची, सोडते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खवण्या सुरू झाल्या की पिशवी खांद्याला.

त्या शनिवारी मात्र खरूज हे मुख्य काम नव्हतंच. मुख्य काम दहा वाजता होतं, चर्चच्या हॉलमध्ये. पलीकडच्या गावात पार्व्हो शिरला होता. रक्ताची हगवण, उलट्या, आणि तिसऱ्या दिवशी पिलू वाळलेल्या पानासारखं हलकं होऊन मरायचं. दोन आठवड्यांत नऊ पिलं गेली होती, आणि मधला रस्ता काही कुत्र्यांना बंद नव्हता. चार महिने पाठपुरावा करून तिनं लस मागवली होती. या गावात पिलं चोवीस, आणि बोटीनं बाटल्या आल्या तेवढ्याच. शनिवारी ऑफिस बंद, तिथल्या फ्रिजची किल्ली साहेबाकडं, घरचा फ्रिज तर बंद पडलेला. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच तिनं बाटल्या निळ्या पेटीत घातल्या, भोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या आणि पेटी स्वयंपाकघरात मोरीजवळच्या गारव्याला ठेवली. दहापर्यंत आरामात टिकली असती.

कुत्री, मग मांजरं, मग जुने टाके असं सगळं उरकून साडेनऊला ती घरी परतली. हातपाय धुवावेत, घोटभर चहा घ्यावा आणि पेटी उचलावी, एवढाच विचार. मोरीजवळ पेटी नव्हती.

टेबलावर केळ्यांची फणी होती. चांगली पिकलेली, ताजी तोडलेली. ती फणी बघितली आणि तोआकासेला सगळं कळलं. फुसीआत्या येऊन गेली होती.

फुसीआत्या म्हणजे तिच्या वडलांची थोरली बहीण. इथल्या रिवाजानं भावाच्या घरातली कुठलीही वस्तू आत्याची असते. मागायचीसुद्धा गरज नसते. भाऊ वारला म्हणून हा हक्क वारत नाही, उलट भावाच्या मुलांवर तो जास्तच पक्का बसतो. आत्यानं आजवर शिवणयंत्र नेलं होतं, गाभण डुकरीण नेली होती, लग्नातल्या दोन विणीच्या चटया नेल्या होत्या. दर वेळी बदल्यात काहीतरी ठेवायची, केळी नाहीतर अळूचे गड्डे. तोआकासेनं कधी हूं की चूं केलं नव्हतं. कुणीच करत नाही. आज चर्चची वार्षिक मेजवानी होती, आत्याकडं मासळीचं काम होतं, मासळीला बर्फ लागतो, आणि भाचीच्या घरात बर्फानं भरलेली पेटी आयती तयार होती.

बाटल्या तिनं टाकल्या नव्हत्या. खिडकीच्या कठड्यावर विणलेला पांढरा रुमाल अंथरून त्यावर नीट मांडल्या होत्या. सहा-सहाच्या चार ओळी, लेबलं सगळी एका बाजूला. रविवारच्या वर्गातली पोरं प्रार्थनेला उभी करावीत तशा. त्यांतली एक तोआकासेनं उचलून तळहातात धरली. ती तिच्या हाताइतकीच गरम होती.

 तिनं राजधानीतल्या डॉक्टरांना फोन लावला. किती वेळ बाहेर होत्या, त्यांनी विचारलं. चार तास धरा, ती म्हणाली.  डॉक्टर म्हणाले, काही टिकल्या असतील, काही नसतील, आणि कुठल्या ते बघून कळायला मार्ग नाही. फेकून द्या. नवीन पुढच्या बोटीनं पाठवतो, अकरा दिवसांनी. आणि मग विचारायचं म्हणून विचारलं, पेटी उघडी कुणी ठेवली?

"मीच," तोआकासे म्हणाली.

हॉलकडं जाणारा रस्ता सात मिनिटांचा. त्या सात मिनिटांत तिनं दोनदा ठरवलं की टोचून टाकायचं. कुणाला कळणार होतं? पाणी मिसळायचं, सुई मारायची, पाठीवर रंग लावायचा. लोक समाधानानं घरी जातील, आत्याचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही, मेजवानी गोड होईल. आणि तिला आज अगदी नको झालं होतं सगळं. तिला नुसतं कुठंतरी आडवं व्हायचं होतं.

पण पहिल्या वर्षी तिनं टोचलेलं एक कुत्रं दुसऱ्याच दिवशी ट्रकखाली गेलं होतं. ट्रक सगळ्यांनी बघितला होता. तरी गाव म्हणालं होतं, सुईनं मेलं. त्यानंतर दोन वर्षं खवण्या वाजल्या तरी बाया कुत्री आत कोंडून ठेवायच्या. एकेक चूल परत मिळवायला तिला पुढची चार वर्षं लागली होती. आज लस टोचून आठवड्यात पिलं मेली, तर पुन्हा कुणी कुत्रं पुढं करणार नव्हतं. पार्व्हो परवडला, पण ते नाही.

हॉलमध्ये सगळे जमले होते. पिलं टोपल्यांत, बादल्यांत, लहान पोरांच्या शर्टांत. सगळ्यांच्या पुढं पेनिसिमानी म्हातारा. बायको वारलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि गावाच्या टोकाला सुरणासारख्या कंदांची त्याची बाग. त्याची म्हातारी कुत्री डुकरांना बागेत शिरू द्यायची नाही. ती नाताळाच्या सुमारास मेली, तिच्या शेवटच्या वेतातलं एकच पिलू जगलं होतं. पांढरं, एक कान तपकिरी. म्हाताऱ्यानं झावळीची टोपली खास त्याच्यासाठी विणली होती आणि तो नऊपासून येऊन बसला होता.

तोआकासे पुढं उभी राहिली.

"लस खराब झाली. पेटी मी नीट ठेवली नाही. चूक माझी आहे. नवीन येईल, पण अकरा दिवस लागतील."

 कुणी जमिनीकडं बघितलं, कुणी छताकडं. एका बाईनं उगाच पिलाचा कान साफ केला. बाजूच्या, मेजवानीच्या स्वयंपाकाच्या छपराकडं मात्र कुणीच बघितलं नाही. तोआकासेला वाटलं, रागावलेत. रागावणारच. तिनं पुढचं सांगितलं : अकरा दिवस कुत्री अंगणात बांधून ठेवायची, मोठी आणि लहान सगळी. पिलांना रस्त्यावर सोडायचं नाही.

आता मात्र आवाज निघाले. कुत्रं बांधायचं ही काय गोष्ट झाली? डुकरं बागा उकरून ठेवतील. बांधलेलं कुत्रं खुळं होतं. रात्रभर रडतं. रविवारी प्रार्थना कशी व्हायची? मागून एकजण म्हणाली की कुत्री बांधू हो, पण इथले नवरे कुत्र्यांपेक्षा जास्त हिंडतात, त्यांना कुठं बांधायचं? हशा पिकला, आणि हशाबरोबर विषय संपल्यासारखा झाला. लोक टोपल्या उचलायला लागले. हीच विनंती तोआकासेनं गेल्या वर्षी केली होती, त्याच्या आदल्या वर्षीही केली होती. गावानं कधी नाही म्हटलं नव्हतं आणि कधी बांधलंही नव्हतं.

तेवढ्यात छपराखालून फुसीआत्या आली. कोपरापर्यंत हात खवल्यांनी चमकत होते. तोआकासेकडं तिनं पाहिलं नाही. हॉलच्या दारात उभी राहिली आणि दार तिच्या रुंदीनं बंद झालं.

"काय म्हणाली पोरगी? बांधा म्हणाली न्हवं?"

दोघातिघांनी माना डोलावल्या.

"मग बांधा. सुंभ नसंल त्यानं माझ्याकडनं न्यावं. आन् तू गं, नवऱ्याची काळजी करणारी, तुझा बांध पहिल्यांदा. लई हिंडतोय, मी बघतीय."

आता यात गंमत अशी की फुसीआत्या गावात एकट्या तोआकासेची आत्या नव्हती. सख्खे भाऊ चार, चुलत-मावस धरून अकरा. हॉलमधल्या अर्ध्या लोकांची ती आत्या होती, आणि उरलेल्या अर्ध्यातल्या निम्म्यांच्या नवऱ्याची किंवा बायकोची. खात्याच्या बाईला मान हलवून विसरता येतं. आत्याला नाही. संध्याकाळपर्यंत गावातलं एकूण एक कुत्रं खुंटाला होतं. काथ्याच्या दोऱ्या, मासेमारीचं नायलॉन, फाटक्या मच्छरदाणीच्या चिंध्या, एका घरी तर नवऱ्याचा चामडी पट्टा.

रविवारी चर्चमध्ये समूहगान सुरू झालं आणि बाहेर सत्तर-एक कुत्र्यांनी दुसरा सूर धरला. धर्मगुरूंना प्रवचन दोनदा थांबवावं लागलं. पहिल्या बाकावर फुसीआत्या डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसली होती, जणू तिला ऐकूच येत नाही. मागं बघायची कुणाची छाती नव्हती.

पुढचे दिवस तोआकासेला नंतर सलग आठवले नाहीत. सोमवारी पहिलं पिलू पडलं, बुधवारी आणखी दोन. रोग आधीच आत आला होता, बांधल्यानं पसरायचा थांबला एवढंच. ती सकाळी, दुपारी, संध्याकाळी घरोघर फिरायची. कातडीखाली सलाईन सोडायची, साखर-मिठाचं पाणी थेंब-थेंब पाजायची, घाण पुसायची, ब्लीचनं जमीन धुवायची. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना सपाता, हात, सुयांचा डबा सगळं धुवायचं. बोटांची कातडी सोलली. रात्री पायांना झोप यायची, डोळ्यांना यायची नाही.

पेनिसिमानीचं पिलू सहाव्या दिवशी गेलं. म्हाताऱ्यानं ते मांडीवरून खाली ठेवलंच नव्हतं. तोआकासे पोचली तेव्हा ते थंड झालं होतं आणि तो त्याचा तपकिरी कान दोन बोटांत धरून बसला होता. तिला वाटलं होतं तो काहीतरी म्हणेल. म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, पोरी, तू जेवलीस का?  चूक माझी, असं ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती. आता ते वाक्य मागं घेता येत नव्हतं, आणि या म्हाताऱ्यापुढं ते पेलतही नव्हतं.

अकराव्या दिवशी बोट आली. तोआकासेनं नवीन बाटल्या धक्क्यावरूनच नर्सच्या फ्रिजमध्ये नेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये एकोणीस पिलांना लस टोचली. पाच नव्हती. पलीकडच्या गावात तोवर चौदा गेली होती. लोकांनी दोऱ्या सोडल्या, आणि सुटलेली कुत्री अशी धावली की दोन टोपल्या उलट्या झाल्या. रांगेत पेनिसिमानी नव्हता.

दुपारी ती ब्लीचची बादली घेऊन त्याच्याकडं गेली. अंगण दुसऱ्यांदा धुवायचं राहिलं होतं. तिथं ओसरीवर फुसीआत्या बसली होती. म्हाताऱ्यासमोर पानात गुंडाळून भाजलेली मासळी, अजून वाफ निघत होती. तोआकासेला बघून आत्या उठली नाही, सरकलीही नाही.

"ती पेटी मी नेली होती," आत्या पेनिसिमानीला म्हणाली. जणू अर्धं बोलणं आधीच झालं होतं. "भावाच्या घरातनं. मासळीसाठी."

"माझ्या भावाच्या घरातनं," असं पुन्हा म्हणताना तिचा आवाज जरा चढला, कारण हक्क तो हक्क. मग खाली बघून तिनं माशाचा एक काटा काढला आणि पानाच्या कडेला ठेवला.

"ठाऊक हाय," पेनिसिमानी म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय! डोळ्यांवर पडदा आला तरी निळी पेटी दिसतीया मला. सकाळी सातला गेलीस माझ्या समोरनं. बर्फाचं पाणी गळत होतं वाटंनं. साऱ्या गावानं बघितलं, फुसी."

तोआकासेनं बादली खाली ठेवली. "सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी, पोरी."

"मग त्या दिवशी कुणी बोललं का नाही?"

म्हाताऱ्यानं तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्याला तो प्रश्नच समजला नव्हता असं वाटलं.

"तूच म्हणालीस न्हवं, चूक माझी? आत्याचं झाकलंस. चांगलंच केलंस. मग आमी काय म्हणायचं? तू झाकलेलं आमी उघडायचं?"

तोआकासे पायरीवर बसली. बारा दिवस ती ते ओझं एकटीनं वाहत होती आणि सगळं गाव बाजूनं चालत होतं, तेही आपापल्या खांद्याला तेच ओझं लावून, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. हसावं की रडावं कळेना. दोन्हींसाठी अंगात जोर नव्हता.  समोर पिलू बांधलेलं असायचं ती जागा होती. म्हाताऱ्यानं तिथली माती उकरून वर वाळू टाकली होती.

आत्या अजून तिच्याकडं बघत नव्हती. मासा निवडता निवडता म्हणाली, "पुढच्या खेपेला त्या पेटीवर कायतरी खूण कर."

"खूण केली तर नेणार नाहीस, आत्या?"

"नेईन की. पन आतलं आधी नर्सकडं पोचवीन."

पेनिसिमानी हसला. बिनदाताचं, बिनआवाजाचं हसू. आत्यानं निवडलेला मासा पानाच्या तुकड्यावर घेऊन तोआकासेपुढं सरकवला आणि म्हणाली, खा, तोंड बघ कसं झालंय. आत्या माफी मागत नसते, तसा रिवाजच नाही. काटे काढून दिले, हेच खूप. तोआकासेनं खाल्लं. नवीन पिलाला या मातीवर सहा महिने तरी आणायचं नाही, ती म्हाताऱ्याला म्हणाली. रोग जमिनीत राहतो. सहा महिने डुकरं कंद खातील, तो म्हणाला. खातील, ती म्हणाली. दुसरं काय सांगणार? आत्या म्हणाली की डुकरांचं मी बघते, आणि ती बघेल यात कुणाला शंका नव्हती, कारण गावातली निम्मी डुकरं तिच्याच भाचरांची होती.

मग तोआकासे उठली. ब्लीचची बादली वाळूवर, ओसरीच्या पायाशी, खुंट्याभोवती ओतली. झावळीची टोपली म्हाताऱ्याला विचारून जाळली. सपाता धुतल्या, हात धुतले, सोललेल्या बोटांना झोंबलं. शेजारच्या घरची बाई कुंपणाशी येऊन उभी होती. तिच्या कुत्रीच्या कानात गोचिडी झाल्या होत्या, द्राक्षांच्या घडासारख्या, आणि ती तीन दिवस वाट बघत होती. तोआकासेनं पिशवीतून चिमटा काढला, कुत्रीला दोन गुडघ्यांत धरलं, कान उलटा केला आणि एकेक गोचीड काढून रॉकेलच्या डबीत टाकायला लागली.